गप्प टॅपेटची उधारी

राजुऱ्याहून भद्रावती तीर्थाला निघणारे कुटुंब गाडीचे ऑइल, पाणी व टायरची हवा आवर्जून पाहते. इंजिनातील झडपांचे स्मरण क्वचितच होते. धातू तापला की प्रसरण पावतो, म्हणून झडप व तिला उघडणारा भाग यांत साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटर फट राखलेली असते. ती वाढली तर टॅपेट टिकटिकतात आणि मालक गॅरेज गाठतो. खरी हानी फट घटल्यावर होते. आवाज होत नाही. पण झडप पूर्ण मिटत नाही, तिची उष्णता बैठकीत उतरत नाही आणि कड जळू लागते. पुढे ओढ मंदावते, शेवटी हेड उतरवावे लागते. भांडणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा गप्प बुडणारी उधारी महाग पडते, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे.

यास्तव कानावर न विसंबता पुस्तिकेतील किलोमीटर पाळावेत. मोजणी थंड इंजिनावर सांगितली असल्यास गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात ठेवावी. फिलर गेजची पाती किंचित अडत सरकावी. इनटेक व एक्झॉस्टची मापे बहुधा वेगळी असतात. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनास मात्र हे सेटिंग लागत नाही. केलेली मापे वहीत तारखेसह टिपून ठेवावीत.