सडपातळ यंत्रे आणि आपली ओझी

अतिपातळ, हलके लॅपटॉप घेण्यासारखे आहेत काय, हा प्रश्न वाङ्मयीन निबंधांच्या पानांवर कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. मराठी विभागातले लेखन, वाचन, संशोधन, प्रबंधाची जुळणी आणि वर्गातले अध्यापन ही सगळी कामे आज याच यंत्रावर होतात. लेखक आपल्या दौत-टाकाविषयी बोलू शकत असेल, तर लॅपटॉपविषयी बोलायला हरकत नसावी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा प्रश्न विशेषणांचाही आहे, आणि विशेषणांची झडती घेणे हे आपले, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे, नित्याचे काम आहे.

‘पातळ’ हा शब्द मराठीत स्तुतीचा कधी झाला? पातळ वरण, पातळ ताक, पातळ कापड यांत कौतुक नाही. ‘संबंध पातळ झाले’ यात तर खंतच आहे. ‘हलका’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. मन हलके होणे चांगले. पण हलका माल, हलक्या कानाचा माणूस हे वाईट. यंत्राच्या जाहिरातीने या शब्दांना जो नवा मान दिला, तो वस्तुव्यवहारातून आलेला नाही. तो देहाच्या वर्णनातून उसना आणलेला आहे. सडपातळ बांधा, नाजूक कंबर, रेखीव कडा ही नायिकावर्णनाची सामग्री आहे, आणि ती जशीच्या तशी एका गणनयंत्राला चिकटवली गेली. नायिकेकडून आपण दुरुस्तीची अपेक्षा करीत नाही. यंत्राकडून मात्र केली पाहिजे.

या फॅशनचा उगम नेमका सांगता येतो. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला. तोवर लॅपटॉपच्या गुणांची चर्चा त्याचा वेग, साठवण आणि किंमत यांभोवती होत असे. त्या लिफाफ्याने ती जाडीपाशी आणून ठेवली. या यंत्रात यूएसबीचे एकच छिद्र होते, सीडी चालवायची सोय नव्हती, नेटवर्कची तार थेट जोडता येत नव्हती, आणि वापरणाऱ्याने बदलावी अशी बॅटरीही नव्हती. काय काय काढून टाकले, हीच यादी वैभवाची यादी म्हणून वाचली गेली. पुढे २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हे नाव पुढे केले आणि इतर कंपन्याही त्याच शर्यतीत उतरल्या.

आता थोडे अंकगणित करू. २००८ च्या त्या यंत्राची जाडी सर्वांत फुगीर जागी १९.४ मिलिमीटर आणि वजन १.३६ किलो होते. त्याच मालिकेतले २०२२ चे यंत्र ११.३ मिलिमीटर जाड आणि १.२४ किलो वजनाचे आहे. चौदा वर्षांत जाडी आठ मिलिमीटरने उतरली. वजन उतरले एकशेवीस ग्रॅमने. हा फरक पाठीला कळत नाही, खांद्याला कळत नाही. कळतो तो फक्त डोळ्याला. पातळपणा आणि हलकेपणा ही जुळी भावंडे आहेत, असा आपला समज करून देण्यात आला आहे. प्रत्यक्षात त्यांचे नाते दूरचे आहे. हलकेपणा ही गरज असू शकते. पातळपणा हे बहुतांशी प्रदर्शन आहे. आमचा वाद या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

हलकेपणाशी आमचे भांडण नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. धाराशिव जिल्ह्यात जडत्वाचे गोडवे गाण्याची सोय उरलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आजच्या लोहारा-उमरगा भागातली आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातली गावे कोसळली, तेव्हा माणसे दगड-मातीच्या जाडजूड भिंतींखाली आणि माळवदांच्या मातीखाली गाडली गेली. जाड म्हणजे भक्कम, हा समज त्या पहाटे मोडला. म्हणून ‘जुने ते जड, जड ते टिकाऊ’ अशी स्मृतिरंजक भूमिका घेण्याचा आमचा विचार नाही. रोज तुळजापूर, कळंब किंवा परंड्याहून एसटीने ये-जा करणारी प्राध्यापिका, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि लॅपटॉप असे सगळे एका खांद्यावर घेऊन उभ्याने प्रवास करते. तिने हलके यंत्र मागितले तर तो शौक नव्हे. तिला सव्वा किलोचे यंत्र अवश्य मिळावे. पण ते बारा मिलिमीटरचेच असावे, अशी तिच्या खांद्याची मागणी नसते. अठरा मिलिमीटर जाडीची, तरीही वजनाने हलकी यंत्रे निघतात. ती पाहिली जात नाहीत, कारण दुकानाच्या काचेआडून वजन दिसत नाही, जाडी दिसते.

त्या दिसण्याची किंमत काय? पहिली किंमत दुरुस्तीची. यंत्र पातळ करायचे म्हणजे खाचा, झाकणे, स्क्रू यांची जागा वाचवायची. मग मेमरी मदरबोर्डावरच डाग देऊन पक्की केली जाते, बॅटरी पुष्कळदा चिकटवून बसवली जाते. आज आठ जीबीची मेमरी घेतली, तर यंत्राच्या अखेरच्या दिवसापर्यंत आठच जीबी. आपल्याच व्यवसायातला दाखला द्यायचा तर हस्तलिखित पोथी आठवावी. तिची पाने सुटी असत. एक पान कसरीने खाल्ले, तर तेवढेच नव्याने नकलून जागी ठेवता येई. पुढे दोऱ्याने शिवलेली बांधणी आली. तीही उसवून पुन्हा शिवता येते. मग निव्वळ डिंकाने चिकटवलेली स्वस्त बांधणी आली, आणि दुसऱ्या वाचनात पाने गळू लागली. ग्रंथालयात काम केलेल्या कुणालाही या तीन अवस्थांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. अतिपातळ लॅपटॉप ही यंत्रांमधली डिंकाची बांधणी आहे. फक्त ती स्वस्त नाही, महाग आहे.

दुसरी किंमत कळफलकाची. कळा जितक्या उथळ, तितके यंत्र पातळ. ॲपलने २०१५ मध्ये आपल्या बारा इंची यंत्रात ‘बटरफ्लाय’ पद्धतीचा अतिउथळ कळफलक आणला. धुळीच्या कणाने कळ अडकते, एकदा दाबली असता दोनदा उमटते, अशा तक्रारी वाढत गेल्या. २०१८ मध्ये कंपनीला हे कळफलक मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. कॅलिफोर्नियात जो धुळीचा कण यंत्राला भारी पडला, तो आपल्याकडच्या वैशाखात किती वेळा आत शिरेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्याला तर बहुतेक जोडाक्षरांसाठी हलन्ताची कळ दाबावी लागते. ‘वैशिष्ट्य’ हा एक शब्द लिहिताना ती दोनदा दाबली जाते. त्या कळेचा भरवसा नसेल, तर प्रबंध कसा लिहायचा?

तिसरी किंमत उष्णतेची. आपल्या लॅपटॉपच्या वापरासाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावे, असे ॲपल सांगते. जाड यंत्रांच्याही मर्यादा साधारण अशाच सांगितल्या जातात, हे खरे. परंतु जाड यंत्रात पंख्याला आणि हवेच्या वाटेला जागा असते. बिनपंख्याचे पातळ यंत्र तापले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये आपल्या जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि नेमक्या त्याच सुट्टीत आपले संशोधक जुन्या नियतकालिकांची शेकडो छायांकित पाने यंत्राकडून वाचून घेण्याचे काम काढतात. पत्र लिहिताना न जाणवणारी मर्यादा इथे जाणवते.

चौथी किंमत छिद्रांची. वर्गातला प्रोजेक्टर जुना आहे, झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लागतो, आणि काही जुनी मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे यूएसबीत खोचायच्या कुलपाशिवाय उघडतच नाहीत. अतिपातळ यंत्राच्या कडेला मात्र टाइप-सीची दोन चिमुकली छिद्रे. मग एक अडॅप्टर, दुसरा अडॅप्टर, त्यांची पिशवी, आणि ती पिशवी घरी विसरली की व्याख्यानाचा विचका. यंत्रातून काढून टाकलेले वजन असे आपल्याच झोळीत परत येते.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा बॅटरीचा आहे. नव्या पातळ यंत्रांची बॅटरी दिवसभर पुरते, आणि वीज जाणाऱ्या प्रदेशात हे वरदानच नव्हे काय? मुद्दा खरा आहे. पण त्याचे श्रेय पातळपणाला जात नाही. ते कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरला जाते. तोच प्रोसेसर थोड्या जाड पेटीत बसवला आणि मोकळ्या जागेत बॅटरी मोठी घातली, तर यंत्र आणखी टिकेल. ज्या कंपनीने ही हौस सुरू केली, तिनेही २०२१ मध्ये आपल्या ‘प्रो’ यंत्रांत एचडीएमआय आणि मेमरी कार्डाची छिद्रे परत आणली, आणि त्यातले सोळा इंची यंत्र आधीच्यापेक्षा किंचित जाडच निघाले. व्यावसायिक गिऱ्हाइकासाठी कंपनी माघार घेते. विद्यार्थ्याने मात्र पातळपणावरच समाधान मानावे, हा कुठला न्याय?

दुसऱ्या वाटेने यंत्र बनवता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच येऊन गेला आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचा ‘एक्सओ’ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत मुलांच्या हाती दिला गेला. दीड किलोच्या आसपासचे ते गुबगुबीत, हिरवे-पांढरे यंत्र. त्याचा कळफलक रबरी आवरणाचा, धूळ-पाणी आत जाऊ नये असा. पडदा उन्हातही वाचता येणारा. आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येणारी बांधणी. त्या उपक्रमावर टीका पुष्कळ झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. शंभर डॉलरची घोषणा झाली होती, किंमत प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेली. आणि यंत्र वाटले म्हणजे शिक्षण झाले, हा भाबडेपणा तर होताच. परंतु रचनाकारांनी एक प्रश्न अचूक विचारला होता : हे यंत्र कुठे वापरले जाणार आहे? धूळ, ऊन आणि दुरुस्तीवाल्याचा अभाव ही त्यांनी यंत्राची पूर्वअट मानली. अतिपातळ लॅपटॉपच्या रचनेत हा प्रश्नच नाही. तिथे वातानुकूलित खोली, गुळगुळीत टेबल आणि जवळचे सेवाकेंद्र गृहीत धरलेले असते.

आता खरा मुद्दा. हा सगळा खटाटोप प्राध्यापकांच्या चैनीपुरता असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाने कोणते यंत्र घ्यावे हा त्याचा प्रश्न. पण वर्गात तो जे यंत्र उघडतो, ते विद्यार्थ्यांच्या मनात ‘खऱ्या’ लॅपटॉपची व्याख्या होऊन बसते. मग भूम-वाशीकडचा एखादा एम.ए.चा विद्यार्थी, किंवा घड्याळी तासांवर राबणारा त्याचाच तरुण शिक्षक, हप्त्यावर तसलेच यंत्र घेतो. वॉरंटी संपल्यावर, प्रबंधाच्या मध्यावर बॅटरी फुगते किंवा बोर्ड जातो. गावातला दुरुस्तीवाला हुशार असतो, पण डाग दिलेल्या मेमरीपुढे आणि सुट्या भागांच्या अभावापुढे त्याचे हात बांधलेले असतात. यंत्र सोलापूरला किंवा पुण्याला न्यावे लागते. तिथे दुरुस्तीचा आकडा ऐकून ‘नवेच घ्या’ असा सल्ला मिळतो. जुन्याचे हप्ते मात्र चालूच राहतात. यात विद्यार्थ्याचे पैसे जातात, महिने जातात, आणि कधी कधी शिक्षणच सुटते. शिवाय ज्या गल्लीतल्या कारागिराने आजवर जिल्ह्यातली यंत्रे जगवली, त्याची विद्याही निकामी होते.

कायदा हळूहळू जागा होतो आहे. ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार सुवाह्य उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आल्या पाहिजेत, आणि त्या तरतुदीसाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत ठरवण्यात आली. पण कायद्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. विकत घेणाऱ्याकडे नकाराचा अधिकार आजही आहे.

तो कसा वापरावा, हे शिकण्यासाठी या जिल्ह्याला बाहेर पाहावे लागू नये. तेरचे गोरोबाकाका कुंभार होते. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके वाजवून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण वर्गात नेहमी सांगतो. तिच्यातला आध्यात्मिक अर्थ आपण उलगडतो आणि व्यवहाराचा अर्थ सोडून देतो. मडक्याची परीक्षा त्याच्या डौलावरून होत नाही, ते वाजवून होते. लॅपटॉपही वाजवून घ्यावा. मेमरी वाढवता येते काय? बॅटरी गावात बदलून मिळेल काय? पेनड्राइव्ह आणि प्रोजेक्टर थेट जोडता येतात काय? कळफलकावर सलग एक पान मराठी लिहून पाहिले काय? या चार थापांना जे यंत्र ठणठणीत आवाज देईल, ते पातळ असले तरी घ्यावे. जे देणार नाही, ते कितीही सडपातळ असो, दुकानातच शोभू द्यावे.

आणि महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांवर बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी दरपत्रके मागवाल, तेव्हा जाडीचा रकाना काढून टाका आणि त्या जागी सुटे भाग किती वर्षे मिळतील, हा रकाना घाला. विक्रेते उत्तर द्यायला कचरतील. तेवढ्याने निदान हे तरी कळेल, की आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.