पाचांचा शोध, साडेसातशेंचा विसर

२०२३ च्या जून महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या कचेरीत दुपारी जेवणाचे डबे उघडले की विषय एकच, अटलांटिक महासागरात बेपत्ता झालेली 'टायटन' नावाची पाणबुडी. कोणी म्हणे, आता प्राणवायू चाळीस तासांचा उरला. दुसऱ्या दिवशी कोणी म्हणे, आता वीसच तासांचा. क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकांत यावा, तसे लोक टीव्हीसमोर बसून तास मोजत होते.

आमच्या एका सहकाऱ्याने विनोद केला, "ते दोन कोटी मोजून गुदमरायला गेले. आपण लोकलच्या पासावर रोज गुदमरतो!" सगळे हसले. खोटे कशाला सांगावे, आम्हीही हसलो. घरी येऊन रात्री जेवताना तोच विनोद सांगितला. आमची मुलगी तेव्हा दहावीत होती. ती हसली नाही. तिने एवढेच विचारले, "पप्पा, त्यात एक मुलगा एकोणीस वर्षांचा आहे ना? म्हणजे आपल्या दादाएवढा." आमच्या हातातला घास हातातच राहिला. तो प्रश्न अजून आमच्या मनातून गेलेला नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी हकीकत नीट पाहू. 'टायटॅनिक' जहाज १५ एप्रिल १९१२ रोजी बुडाले. त्यात दीड हजारांवर माणसे गेली. तेव्हाही वर्गाचा हिशेब चुकला नव्हता. पहिल्या वर्गाचे साधारण साठ टक्के प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गाचे साधारण पंचवीस टक्के. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, ३,८०० मीटर खोल पाण्यात त्या जहाजाचे अवशेष पडून आहेत. ते पाहण्यासाठी 'ओशनगेट' ही अमेरिकी कंपनी माणशी अडीच लाख डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये घेत असे.

१८ जून २०२३ रोजी 'टायटन' पाण्यात उतरली. आत पाच जण होते. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, ब्रिटिश उद्योजक हेमिश हार्डिंग, अनुभवी फ्रेंच पाणबुडे पॉल-आंरी नार्जोले, पाकिस्तानी वंशाचे उद्योगपती शहजादा दाऊद आणि त्यांचा मुलगा सुलेमान. पावणेदोन तासांत संपर्क तुटला. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स यांची विमाने, जहाजे, खोल पाण्यात जाणारी यंत्रे धावली. २२ जून रोजी 'टायटॅनिक'च्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरवर पाणबुडीचे तुकडे सापडले. त्या खोलीवर पाण्याचा दाब एवढा असतो की, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर पावणेचारशे किलोहून अधिक भार पडतो. पाणबुडी एका क्षणात चिरडली गेली होती. अमेरिकी नौदलाच्या यंत्रांनी तसा आवाज पहिल्याच दिवशी टिपला होता, हे लोकांना चार दिवसांनी कळले. म्हणजे आपण ज्यांचे तास मोजत होतो, ती माणसे तास मोजायला सुरुवात होण्यापूर्वीच गेली होती.

आता दुसऱ्या बोटीकडे वळू. याच्या चारच दिवस आधी, १४ जूनला, 'एड्रियाना' नावाची जुनी मासेमारी बोट ग्रीस देशाच्या पायलोस गावापासून दूर भरसमुद्रात उलटली. लिबियाहून इटलीकडे निघालेल्या त्या बोटीत सुमारे साडेसातशे माणसे कोंबली होती. पाकिस्तानी, सीरियन, इजिप्शियन. सगळे पोटासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी निघालेले. त्यांनीही दलालांना हजारो डॉलर मोजले होते, पण ते कर्ज काढून, घरदार विकून. वाचले १०४. हाती आले ८२ मृतदेह. बायका आणि लेकरे तळघरात होती. त्यांच्यापैकी एकही वाचले नाही.

पाकिस्तान सरकारच्या म्हणण्यानुसार त्यांचे सुमारे साडेतीनशे नागरिक या बोटीवर होते. १९ जूनला त्या देशाने या बोटीसाठी राष्ट्रीय दुखवटा पाळला. त्याच दिवशी 'टायटन'ची बातमी जगभर पसरली आणि दुखवट्याची बातमी तिच्याखाली दबली. एका आठवड्यात एकाच देशाची माणसे दोन समुद्रांत गेली. पाणबुडीतल्या बापलेकाची नावे आम्हाला पाठ झाली. बोटीतल्या साडेतीनशेपैकी एकाचेही नाव आम्हाला सांगता येत नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आमच्या कामात हजेरीपटाला फार महत्त्व. ज्याचे नाव पटावर नाही, त्याचा पगार निघत नाही आणि त्याला अपघात झाला तर भरपाईही मिळत नाही. 'एड्रियाना'ला प्रवाशांची यादीच नव्हती. म्हणून किती गेले, याचा नेमका आकडा आजही कोणाजवळ नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्या आठवड्यात अथेन्समध्ये होते. या दोन घटनांकडे जगाने किती वेगळ्या नजरेने पाहिले, हे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले. ते बरोबरच बोलले.

पण येथे एक धोका आहे. हा फरक दिसला की अनेकांना पाचांच्या मरणावर हसण्याचा परवाना मिळाल्यासारखे वाटते. श्रीमंत होते, मेले, बरे झाले! आम्हाला हे पटत नाही. साडेसातशेंची किंमत वाढावी म्हणून पाचांची कमी करावी लागत नाही. सुलेमान घाबरला होता, वडिलांसाठी म्हणून गेला, असे एका नातेवाइकाने सांगितले. त्याच्या आईने मात्र नंतर सांगितले की, तो उत्सुक होता आणि त्या जागेवर खरे तर तीच जाणार होती. मुलासाठी तिने आपली जागा सोडली. त्या माउलीला आमचा विनोद कोणत्या तोंडाने ऐकवावा?

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. 'एड्रियाना' बुडाली तेव्हा जवळून 'मायन क्वीन' नावाची एक ऐषारामी नौका जात होती. मालक मेक्सिकोचे अब्जाधीश कुटुंब. ग्रीक अधिकाऱ्यांची हाक येताच ती नौका वळली आणि वाचलेल्यांपैकी सुमारे शंभर जणांना तिने कालामाता बंदरात पोहोचवले. समुद्रात संकटात सापडलेल्याला वाचवलेच पाहिजे, मग तो कोणीही असो, हा दर्यावर्दींचा कायदा आहे. त्या नौकेवरच्या खलाशांनी तो पाळला. ज्यांच्या नोकरीचाच तो भाग होता, त्या ग्रीक तटरक्षक दलाने तो पाळला की नाही, हा प्रश्न आहे. बोट आदल्या दिवसापासून त्यांना दिसत होती. बोटीवरच्यांनीच मदत नाकारली, असे ते म्हणतात. त्यांनी दोर बांधून ओढल्यामुळे बोट उलटली, असे वाचलेले लोक म्हणतात. मे २०२५ मध्ये दलाच्या सतरा जणांवर गंभीर आरोप ठेवण्यात आले.

आता आपल्या कामाचा मुद्दा. 'टायटन' कशाने फुटली? तिचा मधला भाग कार्बन फायबरचा होता आणि कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून ती तपासून घेतलेली नव्हती. आमच्या कचेरीच्या लिफ्टलासुद्धा तपासणीचा दाखला लागतो! अशा तपासण्यांमुळे नव्या कल्पना अडतात, अशी कंपनीची भूमिका होती. २०१८ मध्ये कंपनीचेच एक अधिकारी डेव्हिड लॉक्रिज यांनी ही पाणबुडी धोक्याची असल्याचे लेखी दिले. त्यांना नोकरीवरून काढले. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी पत्र लिहून इशारा दिला. तोही वाया गेला. अमेरिकी तटरक्षक दलाचा चौकशी अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, ही दुर्घटना टाळता आली असती आणि शंका काढणाऱ्यांना नोकरी जाण्याची भीती घालून गप्प केले जात होते.

हे वाचले आणि आम्हाला आमच्या वस्तीतला एक भाऊ आठवला. तो एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. मशीनचे गार्ड तुटले आहे, असे त्याने दोनदा सांगितले. "काम जमत नसेल तर घरी बस," हे उत्तर मिळाले. तिसऱ्या आठवड्यात त्याची दोन बोटे गेली. भरपाईसाठी आम्ही त्याच्याबरोबर वर्षभर खेटे घातले. त्याने तोंडी सांगितले होते, लेखी काही नव्हते. तक्रार झालीच नव्हती, असे कारखान्याने सरळ सांगून टाकले.

सात समुद्रांपलीकडची पाणबुडी आणि आमच्या वस्तीतला प्रेस, दोन्हीकडे दुखणे एकच. धोका सर्वांत आधी हाताने काम करणाऱ्याला दिसतो आणि त्याचेच तोंड बंद केले जाते. म्हणून आमची विनंती आहे. कामाच्या ठिकाणी धोका दिसला तर लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या, एकट्याने न देता चार सह्यांनी द्या. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून लिहून घ्या.

आणि कोणाच्या मरणाचा विनोद कानावर आला, तर तो पुढे सांगण्यापूर्वी त्या माणसाचे वय विचारा. आमच्या घरी ते एका दहावीतल्या मुलीने विचारले. आम्हाला ते आधी सुचायला हवे होते.