छर्ऱ्याची बंदूक कशासाठी घ्यायची?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ज्युनिअर कॅडेट हटकून विचारतात, "दादा, ससा-तितर मारायला कुठली एअरगन चांगली?" बरेच जण बेळगाव, चंदगड, गडहिंग्लजकडचे. गावी शेत असतं, आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. माझं मत सरळ आहे: एअर रायफल जरूर घ्या, पण शिकारीसाठी घेऊ नका.

आजोबांच्या वेळी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा नव्हता. आज ससा, तितर, लावा या सगळ्यांना त्याचं संरक्षण आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घोटाळा होतो तो दुकानात. 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून दुकानदार "लायसन नको" म्हणतो. ते खरंच आहे. पण ती सूट बंदूक बाळगण्याला आहे, पाखरू मारण्याला नाही. एनडीएचं स्वप्न बघणाऱ्याने हा फरक पाठच करावा.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. साधी स्प्रिंगची रायफल नवशिक्याच्या हातात दहा मीटरवर अडीच सेंटिमीटरचा ग्रुप देत असेल, तर तीस मीटरवर तो किमान साडेसात सेंटिमीटरचा होतो. तितराचं डोकं त्याच्या निम्म्याचंही नसतं. छर्रा लागतो पंखात नाहीतर पोटात, आणि पाखरू झुडपात जाऊन तडफडत मरतं. याला शिकार म्हणायचं?

आम्ही राहतो त्या बेळ्ळंदूरचंच बघा. इथलं तळं फेसामुळे आणि आगीमुळे देशभर बदनाम झालं. जानेवारी 2018 मध्ये ते पेटलं तेव्हा शेजारच्या एएससी सेंटरचे जवान आग विझवायला धावले. एवढं होऊनही तिथे पाणकावळे, वंचक, जांभळ्या पाणकोंबड्या टिकून आहेत. जी आग जवानांनी विझवली, त्याच काठावर जवानाच्या मुलाने पाखरांवर छर्रे झाडावेत हे मला तरी पटत नाही. अरुणाचल प्रदेशात तर शिकार पिढ्यान्‌पिढ्यांची; तरी 2021 पासून तिथल्या गावकऱ्यांनी दोन हजारांहून अधिक एअरगन आपण होऊन सरकारजमा केल्या.

मग रायफल कुठली? ताकदीच्या मागे लागू नका. ऑलिंपिकच्या दहा मीटर रायफलचा छर्रा सेकंदाला जेमतेम 170 ते 175 मीटर जातो. अभिनव बिंद्राचं 2008 चं सुवर्ण याच प्रकारातलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तोही यातच. तिथे दहाच्या गुणाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सशापेक्षा अवघड सावज हवं असेल तर हे घ्या!

विकत घेताना बट खांद्याला लावून बघा. मोठ्या माणसाच्या मापाचा बट लहान कॅडेटला लांब पडतो, मग मान ताणून नेम धरावा लागतो. दोन-तीन प्रकारचे चपट्या डोक्याचे छर्रे आणून प्रत्येकाचे पाच-पाच झाडा. ज्याचा ग्रुप सर्वांत लहान तोच छर्रा आपला, भले डबा स्वस्त असो. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळू नका, उघड्या तळव्यावर टेकवा. ती पुढे-मागे हिसका देते आणि दर वेळी पकड बदलली की ग्रुप फुटतो. रिकामी झाडू नका, पिस्टन खराब होतो. बटाचे स्क्रू हिसक्यांनी ढिले होतात, तेही तपासत राहा.

झिरोइंग ग्रुप जमल्यावरच करा. छर्रे डावीकडे लागत असतील तर मागची साइट उजवीकडे सरकवा, आणि एकेका छर्ऱ्यावरून नव्हे, पाचांच्या मध्यावरून ठरवा. घरामागे टार्गेट लावणार असाल तर मोठं माणूस सोबत हवं. नुसत्या भिंतीवरून छर्रा उलटा येतो, म्हणून टार्गेटमागे चिंध्या ठासून भरलेलं जाड लाकडी खोकं ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा चढवा.