सोहळ्याचा निधी, वर्षाचा खर्च

राष्ट्रीय जयंती, शताब्दी वा अमृतमहोत्सव यांच्या निमित्ताने शासन कलांना जो निधी देते, त्याचा ओढा बहुधा अनावर्ती खर्चाकडे, म्हणजे वास्तू व सोहळे यांवर एकदाच होणाऱ्या खर्चाकडे असतो. वेतन, वीज, देखभाल यांसाठी दरवर्षी लागणारा आवर्ती खर्च मात्र त्या निमित्ताच्या कक्षेबाहेर राहतो.

रवींद्रनाथ ठाकूर यांची १९६१ मधील जन्मशताब्दी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्या वेळी केंद्र सरकारने राज्यांच्या राजधान्यांत नाट्यगृहे उभारण्यास साहाय्य दिले. दिल्लीत हबीब रहमान यांनी रचलेल्या रवींद्र भवनात साहित्य, संगीत नाटक व ललित कला या तिन्ही अकादमींना जागा मिळाली, चंडीगढला आदित्य प्रकाश यांचे टागोर थिएटर झाले आणि मुंबईत प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर उभे राहिले. शताब्दी सरली तरी या वास्तू कलावंतांच्या उपयोगी पडत राहिल्या, हे श्रेय नाकारता येत नाही. पुढे २०११ मधील सार्धशताब्दीच्या निमित्ताने ‘टागोर सांस्कृतिक संकुल’ योजना आली. तिने बांधकामासाठी केंद्रीय अनुदान देऊ केले, परंतु संकुल चालवण्याचा आवर्ती खर्च राज्यावर वा संबंधित संस्थेवर सोपवला.

यामागील कारण उघड आहे. सोहळ्याची तारीख ठरलेली असते, त्या तारखेला उद्घाटन करता येईल असे काही लागते, आणि लेखापरीक्षकाला इमारत दाखवता येते, तालीम दाखवता येत नाही. मग चालू खर्च भाड्यातून काढण्याची वेळ आली की, तिकीटविक्रीची हमी नसलेल्या हौशी संस्थेलाच ते गृह परवडेनासे होते. याउलट, सहा दशकांहून अधिक काळ भरत आलेल्या महाराष्ट्राच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेने गावोगावच्या संस्थांना नवी संहिता बसवण्याचे कारण दिले, कारण ती पुढच्या वर्षीही होईल हे गृहीत धरता येते.

म्हणून प्रत्येक स्मरणोत्सवाच्या तरतुदीतील ठरावीक हिस्सा कायम निधीत, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याजावर चालणाऱ्या ठेवीत, गुंतवावा आणि त्याचे वाटप कलाक्षेत्रातील जाणकारांच्या स्वायत्त समितीकडे असावे, असा आग्रह प्रस्तुत अंक धरतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपराही वाचक, वर्गणीदार व जाहिरातदार दरवर्षी परतून आल्यामुळेच टिकली आहे.