शेवटच्या वर्तुळापर्यंत

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघे, झोप आणि रक्तदाब यांविषयीची असतात. या पंधरवड्यात आलेले एक पत्र निराळे आहे. लिहिणारे गृहस्थ ७१ वर्षांचे, निवृत्त, सातारा जिल्ह्यातले. पत्नीला अडीच वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली, आणि तिची शुश्रूषा तेच करतात. नातू वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकतो. 'जेवलास का, अभ्यास कसा चालला आहे' यापलीकडे दोघांचे फोनवरचे बोलणे कधी जात नसे. दिवाळीत नातवाने आजोबांच्या मोबाइलवर 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ घालून दिला. तेव्हापासून रात्री नऊला दोघे, नातवाचे दोन मित्र धरून, एका संघातून खेळतात. पत्रातला प्रश्न असा : पहिल्या पाच मिनिटांतच मी मरतो, मुले पुढे वीस मिनिटे खेळतात आणि मी पाहत बसतो. नातवाने मला वगळू नये इतपत टिकायचे कसे? आणि या वयात हे करावे का? खाली ताजा कलम आहे : कानांत इअरफोन घातले की हिची घंटा ऐकू येत नाही.

काका, ताज्या कलमाचे उत्तर आधी देतो.

उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते, आणि बहुतेकांची वाणी त्याच भागात असते. काकूंना हाक मारणे कठीण जात असेल, तर ती घंटा हाच त्यांचा आवाज आहे. पितळी घंटेऐवजी बिनतारी दारघंटी आणावी. तिचे बटण काकूंच्या डाव्या हाताशी, उशीजवळ पक्के बसवावे आणि वाजणारा भाग आपल्या पुढ्यात टेबलावर ठेवावा. वाजताना दिवा लागणारी मिळाली तर तीच घ्यावी. कारण हा खेळ मधेच थांबवून ठेवता येत नाही. बुद्धिबळाचा डाव झाकून ठेवता येतो, पत्ते उपडे घालता येतात. येथे आपण उठलात तरी बाकीचे खेळत राहतात. तेव्हा घंटा वाजली की मोबाइल खाली ठेवून उठायचे, हे नातवाला आणि त्याच्या मित्रांना आजच सांगून टाकावे. आपल्या खेळगड्याला एखाद्या घराच्या कोपऱ्यात बसवून जावे. मुले त्याचे रक्षण करतील.

नऊची वेळही तपासून पाहावी. पक्षाघाताच्या रुग्णाला बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे, कारण घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका या रुग्णांत मोठा असतो. भरवून लगेच खेळायला बसू नये. जेवण, औषधे, शौच आणि कूस बदलणे हे सारे उरकून मगच विमानात चढावे. एक सामना सुमारे अर्ध्या तासाचा, म्हणजे दोन तासांनी कूस बदलण्याच्या क्रमात तो सहज बसतो.

विमानात म्हणजे काय, हे इतर वाचकांसाठी सांगतो. शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर मीही हा खेळ खेळतो, म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो. शंभर खेळाडू एका विमानातून एका बेटावर उतरतात. एरँगेल नावाचे जे मूळ बेट आहे ते आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद. प्रत्येक जण रिकाम्या हातांनी उतरतो. शस्त्रे, शिरस्त्राण, औषधे ओस घरांतून गोळा करायची असतात. नकाशावर एक पांढरे वर्तुळ उमटते. ठरलेल्या वेळी निळी भिंत त्याच्या दिशेने सरकू लागते, आणि तिच्याबाहेर राहिलेल्याचे प्राण झिजू लागतात. वर्तुळ लहान होत जाते आणि अखेरीस जो संघ उरतो तो जिंकतो. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने २००० सालच्या 'बॅटल रॉयल' या जपानी चित्रपटावरून ही कल्पना घेतली. २०१७ मध्ये हा खेळ संगणकावर आला आणि पुढल्या वर्षी मोबाइलवर. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये भारतीय आवृत्ती निघाली, २०२२ मध्ये तीही हटवली गेली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती परतली.

आता टिकण्याविषयी. पाच मिनिटांत मृत्यू येण्याचे कारण बहुतेक वेळा हातांत नसते, उतरण्याच्या जागेत असते. मुलांना पोचिंकीसारख्या मधल्या गावात किंवा सैनिकी तळावर उतरायला आवडते, कारण तेथे शस्त्रे भरपूर मिळतात. तितकेच शत्रूही असतात. पहिली बंदूक ज्याच्या हाती लागली तो जगतो, आणि ही शर्यत निव्वळ चपळाईची आहे. वयाबरोबर प्रतिसादाचा वेग मंदावतो. हा रोग नव्हे, देहधर्म आहे. म्हणून ज्या चकमकीत फक्त वेगच कामाला येतो, ती टाळावी. विमानाच्या रेषेपासून दीड-दोन किलोमीटर दूरची चार-पाच घरांची वस्ती हेरावी आणि तेथे उतरावे. मुले कुरकुर करतील. त्यांना एकदा गुणपत्रक दाखवावे : अलीकडच्या मोठ्या स्पर्धांत एका सामन्यात चार-चार जणांचे सोळा संघ असतात, प्रत्येक शत्रू टिपल्याचा एक गुण मिळतो, तर पहिल्या क्रमांकाचे दहा. स्पर्धेत उतरणारे संघ उगाच कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत.

दुसरे, नकाशा वारंवार पाहणे. वर्तुळ दिसताच भिंत सरकण्याची वाट न पाहता निघावे. उशिरा निघणाऱ्याला मागून भिंत आणि पुढून आधीच दबा धरून बसलेले लोक, असे दोन्हीकडून मार बसतो. वर्तुळाच्या अगदी मध्यात जाण्याचा हव्यासही नसावा, कारण तेथे चारही बाजू उघड्या असतात. कडेने, भिंतीला पाठ देऊन चालले की मागून येणाऱ्याची शक्यता कमी होते आणि नजर पुढल्या अर्ध्या भागावरच ठेवावी लागते. ज्यांची कडेची नजर मंद झाली आहे, मोतीबिंदू आहे किंवा काचबिंदूचे औषध चालू आहे, त्यांना हे विशेष सोयीचे. मोटार लांबच्या पल्ल्यासाठी वापरावी आणि मुक्कामाच्या अलीकडेच सोडावी. तिचा आवाज फार दूरवर जातो.

गोळीबार कमीत कमी करावा. शत्रू दिसला म्हणून गोळी झाडलीच पाहिजे असे नाही. प्रत्येक गोळी आपला पत्ता सर्वांना कळवते. तो आपल्याकडे येत नसेल तर जाऊ द्यावे, आणि दिशा तेवढी मुलांना सांगावी. चार जणांच्या संघात शांतपणे पाहून सांगणारा एक माणूस असणे हे मोठे बळ आहे. खेळताना तरुणांची जीभ आणि बोटे एकाच वेळी सुटलेली असतात. आपले बोलणे नेमके असले की ती मुले आपोआप विचारू लागतात, 'आजोबा, कुठून?' सुरुवातीच्या पातळ्यांवर बरेच शत्रू संगणकच चालवतो, ते सरळ उभे राहून नेम चुकतात. त्यावरून आपल्या नेमबाजीचा अंदाज बांधू नये.

आणि आता तो इअरफोन. पावलांचा आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या ध्वनीतल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. म्हणून खेळाडू दोन्ही कान बंद करून बसतात. काका, आपण एकच घालावा आणि दुसरा कान काकूंसाठी मोकळा ठेवावा. आवाजाची दिशा त्यामुळे जाईल, हे खरे. पण मोबाइलवरच्या या खेळात पावलांची आणि गोळ्यांची खूण कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर उमटते. तिच्याकडे पाहण्याची सवय करावी. उरलेले काम नातवाचे कान करतील. साठीनंतर वरच्या पट्टीतले आवाज तसेही कमी ऐकू येतात, तेव्हा डोळ्यांवर भिस्त ठेवणे श्रवणयंत्र वापरणाऱ्या इतरांनाही लाभाचे ठरेल.

शेवटच्या तीन-चार वर्तुळांत खेळ बदलतो. निळ्या भिंतीचा मार आरंभी सौम्य असतो, येथे तो काही क्षणांत प्राण घेतो. म्हणून आधीच प्राणशक्ती पूर्ण भरून ठेवावी. प्रथमोपचाराची पेटी ती पाऊण भागापर्यंतच नेते; पुढचा भाग ऊर्जापेय आणि वेदनाशामक गोळ्या हळूहळू भरतात. येथे वैद्य म्हणून एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही : खेळातल्या वेदनाशामक गोळ्या कितीही घ्या, दुकानातून आणलेल्या मात्र मनाने घेऊ नका, उतारवयात मूत्रपिंडे बिघडवण्यात आणि जठरात रक्तस्राव घडवण्यात त्यांचा हात मोठा आहे. शेवटच्या वर्तुळात उंचवटा, मोठा खडक किंवा झाड धरावे. गवतात पालथे पडून लपण्याचा मोह सर्वांना होतो, पण दूरच्या खेळाडूच्या पडद्यावर ते गवत काढलेलेच नसते. त्याला आपण उघड्या मैदानात निजलेले दिसतो. धुराचे गोळे दोन-तीन राखून ठेवावेत आणि जागा बदलताना आधी धूर करावा. साथीदार कोसळला तर त्याला उठवायला सुमारे दहा सेकंद लागतात. तेवढा काळ आपण दोघेही उघडे असतो. धुराविना धावत जाऊ नये, नातू असला तरी. शेवटच्या दोन-तीन संघांना आपसांत लढू द्यावे आणि उरलेल्यावर मग आपण चालून जावे.

देहाविषयी थोडे. पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे चुरचुरतात. उतरण्याची वाट पाहताना मुद्दाम पापण्या मिटाव्यात. चष्मा जवळचा लावावा, आणि मोबाइल हातात धरण्यापेक्षा टेबलावर टेकवावा, म्हणजे मान वाकत नाही. अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुखू लागला तर चार दिवस विश्रांती द्यावी. दृश्य फार गरगरत असेल तर नातवाकडून त्याचा वेग कमी करून घ्यावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवल्यावाचून खेळायला बसूच नये, कारण घाम, थरथर आणि धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे खेळाच्या उत्तेजनेत सहज झाकली जातात. छातीत दडपण आले तर मोबाइल तेथेच टाकावा आणि रुग्णालय गाठावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, रक्तदाब आवाक्यात नसलेल्यांनी आणि फेफरे येणाऱ्यांनी हा खेळ आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. काका, आपण रक्तदाबाची गोळी घेता असे लिहिले आहे. आठवडाभर सामन्याआधी आणि नंतर दहा मिनिटांनी रक्तदाब मोजून वहीत टिपावा आणि ती वही आपल्या डॉक्टरांना दाखवावी. आकडे ठीक असतील तर वयाची सबब मला तरी मान्य नाही.

खेळात पोशाख आणि बंदुकांचे रंग विकत मिळतात. त्यांनी टिकण्यास काहीही मदत होत नाही. ज्या मोबाइलवर निवृत्तिवेतनाचे खाते जोडलेले आहे त्यावर खेळत असाल, तर खरेदीला परवलीचा शब्द लावून घ्यावा आणि तो संघातल्या कोणालाही सांगू नये. स्वस्तात काही मिळवून देतो म्हणून अनोळखी खेळाडूने पाठवलेला दुवा उघडू नये.

रात्री एकच सामना. दुसऱ्याचा आग्रह झाला, तर आजीला औषध देऊन निजवायचे आहे असे सांगून उठावे. नातू फारच आग्रह करू लागला, तर त्याला रविवारी सकाळी अकराची वेळ द्यावी. तेव्हा काकूंना खुर्चीत आपल्याशेजारी बसवता येईल आणि पडदा त्यांनाही दिसेल.