चित्राचे वस्त्र होताना

आधुनिक चित्रकलेच्या प्रदर्शनांतून वेशभूषाकारांना प्रेरणा मिळते, असे विधान सध्या इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील ‘प्रेरणा’ या शब्दाची तपासणी करण्याची गरज कुणाला वाटत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र ती वाटावयास हवी. एका माध्यमातील आशय दुसऱ्यात नेताना काय टिकते, काय गळते आणि श्रेय कोणाचे, हे प्रश्न भाषांतर आणि रूपांतर यांच्या निमित्ताने आपण नेहमीच हाताळत आलो आहोत.

या संदर्भात हमखास दिले जाणारे उदाहरण म्हणजे ईव्ह सॅं लोराँ याने 1965 साली सादर केलेले मोंद्रियानचे पोशाख. काळ्या रेषा आणि तांबड्या, निळ्या, पिवळ्या रंगांचे चौकोन एवढेच सामान्यतः ध्यानात राहते. परंतु ते चौकोन कापडावर छापलेले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा स्वतंत्र कापून जोडलेला होता आणि शरीराच्या उंचसखलपणाला सामावून घेणारी शिवण त्या रेषांच्या जाळ्यात लपवलेली होती. सपाट चित्र गोलाईदार देहावर कसे उभे राहील, या प्रश्नाचे ते शिंप्याच्या भाषेतील उत्तर होते. पुढे बाजारात आलेल्या असंख्य स्वस्त नकलांनी चित्र उचलले, प्रश्न मात्र मागेच राहिला.

आपल्याकडे हा व्यवहार उलट दिशेनेही झाला आहे, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. प्रभाकर बरवे (1936–1995) हे मराठी वाचकाला ‘कोरा कॅनव्हास’चे लेखक म्हणून ठाऊक असतात. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने 1950च्या दशकात उभ्या राहिलेल्या विणकर सेवा केंद्रांत, आधी वाराणसीस आणि मग मुंबईस, त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, मनू पारेख हेही त्या केंद्रांशी संबंधित होते. चित्रकाराने आकृती काढावी आणि मागावरच्या माणसाने ती सुतात उतरेल की नाही ते सांगावे, असा तो सहवास. बरव्यांच्या चित्रांतील वस्तूंची सुटी मांडणी आणि त्यांमधल्या मोकळ्या अवकाशाचे भान यांमागे या सहवासाचाही वाटा असावा, असे आम्हांस वाटते. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. ते पाहून कुणी बरव्यांचे घड्याळ वा पान साडीच्या पदरावर छापले, तर त्याला आम्ही प्रेरणा म्हणणार नाही. त्यांच्या रिकाम्या जागेचा धडा घेऊन पदर कोरा सोडण्याचे धैर्य दाखवले, तर अवश्य म्हणू.

कुसगावच्या शैक्षणिक संकुलांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जहांगीर कलादालन रोज गाठता येणार नाही, हे मान्य. परंतु कार्ले आणि भाजे ही लेणी त्याच्या शेजारीच आहेत. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या पाहाव्यात: अंगालगत बसलेले वस्त्र, कमरेची मेखला, पुरुषांची पागोटी. दगडासारख्या जड माध्यमात तलमपणा कसा दाखवला, हे ज्याला दिसेल त्याला आधुनिक प्रदर्शनातही काय पाहावे हे कळेल. ज्याला फक्त नक्षी दिसेल, तो पॅरिसला जाऊनही नक्षीच घेऊन येईल.

आता श्रेयाचा प्रश्न. जानेवारी 2022मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात दिओरचा जो सोहळा झाला, त्याच्या भिंती मनू व माधवी पारेख यांच्या चित्रांवरून भरतकाम केलेल्या पटांनी सजल्या होत्या. ते काम मुंबईच्या चाणक्य संस्थेतील कारागिरांचे होते. 2023 साली ते पट मुंबईतही प्रदर्शित झाले. येथे चित्रकारांची आणि संस्थेची नावे जाहीरपणे घेतली गेली, ही समाधानाची बाब. याउलट जून 2025मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे मंचावर आणली, तेव्हा आरंभी त्यांच्या मुळाचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर तो करण्यात आला. 2019 सालीच भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूची ही गत, तर मानांकन नसलेल्या हातांची काय कथा?

भाषांतरित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव नसेल, तर आपण त्यास चौर्य म्हणतो. अनुवादकाचे नाव गाळले तरी आता आपल्याला खटकते. वस्त्राला हा न्याय का नसावा? महाविद्यालयांच्या वेशभूषा-प्रदर्शनांत प्रत्येक पोशाखासोबत एक चिठ्ठी असावी आणि तीवर चित्र कुणाचे, विणले कुणी, भरले कुणी, शिवले कुणी हे लिहिलेले असावे, अशी सूचना आम्ही शिक्षकांपुढे ठेवतो. तिला खर्च नाही. ती लिहिताना मात्र विद्यार्थ्याला त्या चौघांना शोधावे लागेल, आणि प्रेरणा कोठून येते याचे शिक्षण त्या शोधातच होईल.