दरबारी पोशाखांची निगा

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराबरोबर दरबारी सेवकांचे पोशाखही निवृत्त झाले. अंगरखे, जरीकाठी उपरणी, पगड्या, बँडवाल्यांचे लोकरी कोट यांपैकी जे उरले, ते आज दांडियाबाजार, रावपुरा, वाडी येथल्या घरांतून ट्रंकांच्या तळाशी आहे. राजवाड्यातल्या वस्त्रांना राखणदार आहेत. घरातल्या वस्त्रांना केवळ माया आहे. आणि माझे स्पष्ट मत असे, की कसरीपेक्षा ही आंधळी मायाच त्यांचा अधिक नाश करते.

अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती काळवंडली म्हणून आपण चिंचेने घासतो. काळिमा जातो, त्याबरोबर मुलामाही जातो. रेशीम उन्हात घालतो. उडालेला रंग पुन्हा येत नाही आणि धागा ठिसूळ होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो. पावसाळ्यात आत दमट धरून बुरशी येते. डांबराच्या गोळ्या थेट कापडात टाकतो. त्यांचे डाग पडतात आणि वाफ घरातल्या माणसांनाही बाधते.

वस्तुतः करावयाचे थोडेच आहे. मांजरपाट खळ जाईपर्यंत धुऊन, पुरता वाळवून त्यात वस्त्र गुंडाळावे. घडीच्या आत त्याच कापडाची वळकटी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदलावी, कारण एकाच घडीवर राहिलेली जर तिथेच तुटते. जागा अंधारी व कोरडी असावी. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकलेली नसावी. लोकरी कोटाला कसर लागलीच, तर तो पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये.

शाळांची स्नेहसंमेलने आली, की माझ्याकडे वडिलांच्या दरबारी पगडीची मागणी होते. मी नाही म्हणतो. वापरल्यानेच वस्तू जिवंत राहते, असा युक्तिवाद मग मला ऐकविला जातो. बंदिशीपुरता तो सोळा आणे खरा आहे. ती गायल्यानेच टिकते, म्हणून शिष्यांना मी ती हातचे न राखता देतो. कापडाचा न्याय उलटा आहे. घाम, टाचण्या आणि रंगमंचावरचे झगझगीत दिवे यांनी एका संध्याकाळी जे झिजते, ते कोणत्याही रियाजाने भरून येत नाही. नाटकापुरती पगडी भाड्याने मिळते; ती आणावी.

आणखी एक काम आजच करावे. पोशाख कोणाचा, त्याची सेवा कोणती, तो कोणत्या प्रसंगी घातला जाई, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने कागदावर लिहावे आणि पेटीत ठेवावे. हे लिहिलेले नसेल, तर नातवंडांच्या हाती केवळ जुने कापड येईल. आणि जुनी जर वितळवून चांदी काढणारा त्याची किंमत वजनावर करील.